धूळ मोजणाऱ्याला आत कोण सोडतं?

प्रश्न असा आलाय: ‘मी नुकताच एडिस (औद्योगिक सुरक्षिततेची पदविका) करून एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून लागलोय. स्टोअरमधल्या एन-९५ मास्कवर नायॉश असं छापलेलं असतं. ही अमेरिकन सरकारची संशोधन संस्था आहे, एवढं शोधून काढलं. पण कामगारांच्या सुरक्षिततेवर सरकारनेच संशोधन करायचं, हे सुरू कधी झालं आणि कशासाठी? आपल्याकडे तसं काही आहे का?’

मी तीसेक वर्षं कारखान्यांतली धूळ, वाफा आणि आवाज मोजत फिरतोय. त्यामुळे हा इतिहास मला नेहमी गेटवरून दिसतो. गेटवर वॉचमन असतो, तो आत फोन लावतो, आणि मग तुम्हाला आत घ्यायचं की नाही हे ठरतं. या विषयात शोध लागायला फार वेळ लागलेला नाही. धुळीने फुप्फुसं जातात हे जुनंच ज्ञान आहे. वेळ गेला तो दोन गोष्टींत. एक, सरकारी संशोधकाला गेटच्या आत जाण्याचा हक्क मिळण्यात. दुसरी, आत जे सापडलं ते कामगाराच्या कानावर पडण्यात. दुसरीचं काम अजून चालूच आहे.

अमेरिकेपासूनच सुरू करतो, कारण तुमचा मास्क तिथला आहे.

६ डिसेंबर १९०७ रोजी पश्चिम व्हर्जिनियातल्या मोनोंगा इथे कोळसा खाणीत स्फोट झाला. अधिकृत आकडा ३६२ मृत. त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या डार खाणीत २३९ गेले. त्या एका वर्षात अमेरिकेच्या कोळसा खाणींत तीन हजारांवर माणसं मेली. स्फोट कशाने होतात यावर वाद होता. मिथेन वायूशिवाय नुसती कोळशाची पूड पेटू शकते, हे अनेक खाणवाले मानायलाच तयार नव्हते. या गदारोळातून १९१० मध्ये ‘ब्युरो ऑफ माइन्स’ ही केंद्रीय संस्था निघाली. जोसेफ होम्स तिचे पहिले संचालक.

गंमत अशी, की या ब्युरोला संशोधन करायचं होतं खाणींवर, पण खाणीत शिरायचा अधिकार कायद्याने दिलेला नव्हता. मालकाने ‘या’ म्हटलं तर जायचं. मग त्यांनी पिट्सबर्गजवळ ब्रूस्टन इथे स्वतःचीच खाण खणली आणि तीच उडवून बघायला लागले. बोगद्याच्या कडेने कोळशाची पूड पसरायची, तोंडाशी तोफेसारखा बार काढायचा आणि ज्वाला किती आत धावते ते मोजायचं. १९११ मध्ये पाहुण्यांना बोलावून असा स्फोट करून दाखवला. वायूचा टिपूसही नसताना पूड पेटते, यावर नंतर फारसं कुणी तोंड उघडलं नाही.

उपायही तिथेच पक्का झाला, आणि तो ऐकायला अगदी साधा आहे. कोळशाच्या पुडीवर चुनखडीची पूड मारायची. स्फोटाची लाट पुढे धावताना जमिनीवरची सगळी पूड उधळते. त्यात दगडाची भुकटी पुरेशी असेल तर ती उष्णता शोषते आणि मागून येणारी ज्वाला विझते. ‘पुरेशी’ म्हणजे किती, याचा आकडा ठरला ६५ टक्के न जळणारा भाग. परतीच्या हवेच्या वाटांमध्ये ८०. हा ६५चा आकडा १९२० च्या दशकातल्या खाणीतल्या पुडीचे कण किती जाड होते, त्यावर बेतलेला होता. पुढे यंत्रं आली, कोळसा जास्त बारीक दळला जाऊ लागला. बारीक पूड लवकर पेटते. नायॉशने नव्याने नमुने घेऊन दाखवून दिलं, की सगळीकडे ८० हवेत. एप्रिल २०१० मध्ये अप्पर बिग ब्रँच खाणीत २९ माणसं गेली, आणि त्याच वर्षी नियम ८० टक्क्यांवर गेला. जुना आकडा नव्या यंत्रावर चालवायचा नसतो, हे तुम्हाला नोकरीत हरघडी उपयोगी पडेल. तुमच्याकडचा एग्झॉस्टचा डिझाइन रिपोर्ट कुठल्या साली, किती मशिनांसाठी केलेला आहे, ते एकदा काढून बघा.

ब्युरोच्या निरीक्षकांना खाणीत शिरायचा हक्क मिळाला १९४१ मध्ये. स्थापनेनंतर ३१ वर्षांनी! तेव्हाही आत जाऊन बघायचं आणि लिहायचं एवढंच; काम बंद पाडायचा अधिकार नाही.

खाणीबाहेरच्या कारखान्यांत अवस्था वेगळी नव्हती. डॉ. ॲलिस हॅमिल्टन हे नाव लक्षात ठेवा. १९१० मध्ये इलिनॉय राज्याच्या आयोगाने व्यवसायजन्य आजारांची पाहणी केली, त्यात त्यांनी शिशाच्या विषबाधेचं काम केलं. नंतर केंद्राच्या कामगार खात्यासाठी देशभर हिंडल्या. कुठल्याही कारखान्यात घुसायचा अधिकार खिशात नसताना. मालकाला गोडीगुलाबीने पटवायचं, आणि जिथे पटलं नाही तिथे इस्पितळांच्या नोंदी, औषधविक्रेते, कामगारांची घरं धुंडाळायची. हातातली ताकद जाऊन लुळं पडलेलं मनगट बघायचं, आणि हा माणूस कुठल्या विभागात, कुठल्या कामावर होता ते विचारायचं. आजही एखाद्या कंपनीने आत घेतलं नाही तर मी गावातल्या डॉक्टरकडे जाऊन बसतो. तंत्र जुनंच आहे.

सार्वजनिक आरोग्य सेवेत १९१४ मध्ये औद्योगिक स्वच्छतेचं स्वतंत्र कार्यालय निघालं. त्यांच्या कामांतलं माझं आवडतं काम म्हणजे व्हरमाँटमधल्या बॅरी गावचं. तिथे ग्रॅनाइट घडवतात, थडग्यांचे दगड वगैरे. हातोडा-छिन्नी होती तोवर धूळ मर्यादेत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवेच्या दाबावर चालणारी अवजारं आली आणि पाथरवट क्षयाने पटापट मरायला लागले. १९२४ ते १९२६ या काळात सरकारी पथकाने तिथे शेडमध्ये बसून धूळ मोजली आणि माणसं तपासली.

तेव्हाची मोजणी कशी होती बघा. काचेच्या भांड्यात पाणी. पंपाने हवा वेगाने त्या पाण्यात आपटवायची, म्हणजे धुळीचे कण पाण्यात अडकतात. याला इम्पिंजर म्हणतात. तोही सरकारी संशोधकांनीच त्याच दशकात बनवलेला. मग त्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवायचा आणि कण मोजायचे. एक, दोन, तीन, असे. घनफुटाला अमुक दशलक्ष कण, असा निकाल. आज आपण कामगाराच्या कंबरेला पंप आणि कॉलरला सायक्लोन लावतो. मिनिटाला १.७ लिटर हवा, आठ तासांत ८१६ लिटर. त्यातला जाड कण खाली पडतो, फुप्फुसाच्या तळाशी जाणारा बारीक कण ३७ मिलिमीटरच्या फिल्टरवर बसतो. अमेरिकेच्या आजच्या मर्यादेइतकं सिलिका (दगड-वाळूतलं खनिज, ग्रॅनाइटच्या धुळीतलं घातक तेच) हवेत असेल तर दिवसभरात फिल्टरवर साचतं ०.०४ मिलिग्रॅम. मिठाच्या एका दाण्याहून कमी! डोळ्यांना ‘हवा स्वच्छ आहे’ असं वाटतं, त्याला काही अर्थ का नसतो, ते यावरून कळावं.

बॅरीत त्या अभ्यासावरून धुळीची मर्यादा सुचवली गेली आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेडमधून प्रत्येक अवजाराशेजारी धूळ ओढणारे पाइप बसले. त्यानंतर कामाला लागलेल्यांमध्ये सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं निकामी करणारा आणि क्षयाला वाट करून देणारा आजार, जवळपास दिसेनासा झाला. मोजलं, कारण सापडलं, हूड बसवले, आजार गेला. इतका सरळ हिशोब या विषयात क्वचित बघायला मिळतो.

याच सुमारास, १९३०-३१ मध्ये, पश्चिम व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट इथे जलविद्युत प्रकल्पासाठी जवळजवळ शुद्ध सिलिकाच्या डोंगरातून बोगदा खणला जात होता. पाणी न मारता कोरडं ड्रिलिंग. कामगार बहुतेक कृष्णवर्णीय, स्थलांतरित. शेकडो मेले. अमेरिकी काँग्रेसमध्ये त्याची सुनावणी झाली ती १९३६ मध्ये. म्हणजे बॅरीत शास्त्र तयार होतं, आणि काही वर्षांत काही शे मैलांवर ते कुणाच्या कामी आलं नाही.

आता युरेनियम. हा भाग मी नव्या मुलांना शिकवताना सावकाश सांगतो.

१९५० पासून सार्वजनिक आरोग्य सेवेने कोलोरॅडो पठारावरच्या युरेनियम खाणकामगारांचा अभ्यास सुरू केला. कामगारांत नाव्हाहो आदिवासी पुष्कळ. युरोपातल्या तशाच खाणींमध्ये फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आधीपासून माहीत होतं. डंकन हॉलडे नावाच्या हायजिनिस्टने, म्हणजे माझ्यासारख्याच हवा मोजणाऱ्याने, रेडॉन (युरेनियमच्या खडकातून निघणारा किरणोत्सारी वायू) मोजला, आकडे भयंकर आले, आणि वायुवीजन केलं तर ते खाली येतात हेही त्याने सांगितलं. पण खाणीत शिरायला मालकांची परवानगी लागत होती, आणि परवानगीची अट होती: कामगारांना घाबरवायचं नाही. संशोधकांनी ती मान्य केली. वर्षानुवर्षं रक्त तपासलं, एक्स-रे काढले, आणि त्या माणसांना ‘तुम्ही जी हवा श्वासात घेताय ती तुम्हाला मारतेय’ एवढं सांगितलं नाही. मृत्यू मोजत गेले. केंद्राने रेडॉनची सक्तीची मर्यादा लावली १९६७ मध्ये, भरपाईचा कायदा झाला १९९० मध्ये.

हॉलडे वाईट माणूस नव्हता, वरिष्ठांकडे तो सारखा लिहीत होता. त्याच्याकडे दार उघडायचा अधिकार नव्हता, म्हणून त्याने गप्प राहून प्रवेश मिळवला. त्याला नावं ठेवण्याआधी मी माझंच एक सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एक फाउंड्री होती, कुठली ते राहू द्या. फेटलिंग शेडमध्ये, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथे, धूळ मोजायची होती. सकाळी पोचलो तर जमीन ओलीचिंब, आणि आठपैकी तीनच ग्राइंडर चालू. संध्याकाळी फिल्टर काढले, जवळजवळ पांढरे. ज्याच्या कॉलरला सायक्लोन लावला होता त्याने तोंडावरचा रुमाल सोडून झटकला आणि म्हणाला, ‘साहेब, एकदा न सांगता या की.’ मी हसून वेळ मारून नेली. निघताना त्याने विचारलं, ‘माझं काय निघालं ते सांगाल ना?’ मी म्हटलं, ‘रिपोर्ट ऑफिसला येईल, मॅनेजरना विचार.’ रिपोर्टवर ‘गोपनीय’ असा शिक्का होता, तो मीच मारलेला. त्याने मॅनेजरना विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

तर अमेरिकेत हे बदललं कसं? २० नोव्हेंबर १९६८ रोजी फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ जण गेले. या वेळी धूर टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिला. दोन-तीन महिन्यांत पश्चिम व्हर्जिनियाचे सुमारे ४०,००० खाणकामगार ‘ब्लॅक लंग’साठी, म्हणजे कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारासाठी, संपावर उतरले. १९६९ च्या शेवटी कोळसा खाणींचा कायदा आला. त्यात घनमीटरला ३ मिलिग्रॅम आणि पुढे २ मिलिग्रॅम अशी धुळीची मर्यादा होती. हा आकडा ब्रिटनच्या सरकारी कोळसा मंडळाने हजारो खाणकामगारांवर केलेल्या दीर्घ अभ्यासातून आला होता, म्हणजे एका देशाच्या संशोधनाचं फळ दुसऱ्याने खाल्लं. २९ डिसेंबर १९७० रोजी निक्सन यांनी सर्व उद्योगांसाठीच्या कायद्यावर सही केली, आणि १९७१ च्या एप्रिलमध्ये दोन संस्था उभ्या राहिल्या: नियम करून दंड लावणारी ओशा, कामगार खात्यात, आणि संशोधन करणारी नायॉश, आरोग्य खात्यात. मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. दंडाची पावती फाडणाऱ्याला कुणी मनमोकळं बोलत नाही.

नायॉशला कायद्याने प्रवेशाचा हक्क मिळाला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, एखाद्या ठिकाणच्या तीन कामगारांनी सही करून पत्र पाठवलं की नायॉशला त्या जागेच्या धोक्याची पाहणी करायला सांगता येतं. नावं गुप्त ठेवायला सांगता येतात. पाहणीचा अहवाल मालकाला जातो तसाच कामगारांनाही जातो. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला सर्वांत हुशार शोध हाच. त्याला ना काच लागली ना पंप.

पण संशोधन म्हणजे नियम नव्हे. नायॉशने १९७४ मध्ये शिफारस केली की सिलिका घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. ओशाचा तसा नियम झाला २०१६ मध्ये. बेचाळीस वर्षं! उलट व्हिनाइल क्लोराइडचं बघा, पीव्हीसी प्लॅस्टिक ज्यापासून बनतं तो वायू. जानेवारी १९७४ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिल इथल्या प्लॅस्टिक कारखान्यात यकृताच्या अतिदुर्मीळ कर्करोगाच्या केसेस उघड झाल्या आणि त्याच वर्षी मर्यादा दहा लाखात ५०० भागांवरून १ वर आणली गेली. पहिल्यात मरणारे विखुरलेले, गरीब आणि सावकाश मरणारे होते. फरक एवढ्याने पडतो, असं माझं मत आहे.

तुमच्या मास्कची वंशावळही खाणीतूनच येते. श्वसनयंत्रं तपासून मान्यता द्यायचं काम ब्युरो ऑफ माइन्सने पहिल्या महायुद्धानंतर सुरू केलं, नायॉशने ते पुढे चालवलं, आणि १९९५ च्या नियमांनी एन-९५ ही वर्गवारी आली. एन म्हणजे तेलकट थेंबांसाठी नाही, ९५ म्हणजे सर्वांत अडवायला कठीण अशा बारीक कणांपैकी निदान ९५ टक्के अडवणारा. त्यावर टीसी-८४ए ने सुरू होणारा नंबर नसेल तर नायॉश हे नाव नुसतं छापलेलं समजा. ब्युरो १९९६ मध्ये बंद झाला, त्याचं सुरक्षितता संशोधन नायॉशकडे गेलं, ब्रूस्टनची खाणसुद्धा.

आणि सगळं आलबेल आहे असंही नाही. २०१८ मध्ये नायॉशच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की व्हर्जिनियातल्या तीन दवाखान्यांतच ब्लॅक लंगच्या सर्वांत गंभीर प्रकाराचे ४१६ रुग्ण सापडले. कोळशाचे थर पातळ झाले, मध्ये दगड कापावा लागतो, म्हणजे पुन्हा सिलिका. एप्रिल २०२५ मध्ये नायॉशच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या, खाणकामगारांच्या मोफत एक्स-रेचा कार्यक्रम थांबला, एक खाणकामगार कोर्टात गेला, आणि मे महिन्यात कोर्टाने ते काम पुन्हा सुरू करायला लावलं.

आता आपल्याकडचं. मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी १८७५ मध्ये कमिशन नेमलं, त्यामागे मजुरांच्या कळवळ्याइतकाच लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबाव होता. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी ॲक्ट आला. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभांमधून मागण्यांचा अर्ज केला, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार ही मागणी होती. पण हे चौकशी आणि चळवळीचं झालं. संशोधन म्हणावं असं काम पुढच्या शतकातलं. १९४५ मध्ये केंद्रात फॅक्टरी सल्लागारांचं कार्यालय निघालं, तेच आजचं डीजी-फासली. त्यांची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट मुंबईत सायनला आहे. तुम्ही एडिस केलंय म्हणजे तिथलं सेफ्टी म्युझियम पाहिलं असेल. नसेल तर सुट्टी काढून जा. गार्डशिवायच्या पॉवर प्रेसचं मॉडेल हाताने फिरवून बघितलं की जे कळतं, ते स्लाइडवर कळत नाही.

कोलारच्या सोन्याच्या खाणींतला सिलिकोसिस १९४७ मध्ये शास्त्रीय नोंदीत आला. बिहारच्या अभ्रक खाणींत ३२९ जणांना तपासलं तर ३४.१ टक्क्यांना तो निघाला. अहमदाबादला १९६६ मध्ये आयसीएमआरची संस्था सुरू झाली, १९७० पासून ती राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था. तिचं मध्य प्रदेशातल्या मंदसौरचं काम वाचून मी हादरलो होतो. पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार. ५९३ जण तपासले, निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस. आपण लहानपणी ज्या पेन्सिली चघळल्या, त्या.

कायद्याचं म्हणाल तर प्रवेशाचा हक्क आपल्याकडेही आहे. फॅक्टरी ॲक्टमध्ये १९७६ साली कलम ९१-ए घातलं, त्याने सरकारी अधिकाऱ्यांना आरोग्य-सुरक्षितता सर्वेक्षणासाठी आत जाता येऊ लागलं. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीत धोकादायक प्रक्रियांमधल्या कामगारांच्या आरोग्यनोंदी त्यांना बघता याव्यात, असंही आलं. २०२० च्या कामगार सुरक्षितता-आरोग्य संहितेत हा कायदा सामावून घेतला. पण तीन सह्यांचं पत्र पाठवून संशोधन संस्थेला बोलवायची सोय आपल्याकडे नाही. आणि मुळात दगड फोडणारा, क्वार्ट्झ (गारगोटी) दळणारा माणूस फॅक्टरीच्या व्याख्येत तरी कुठे सापडतो! गुजरातमधल्या क्वार्ट्झच्या गिरण्यांत काम करून सिलिकोसिसने मेलेल्या मध्य प्रदेशातल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगतो. त्या फाउंड्रीनंतर काही वर्षांनी मी माझ्या कामाच्या करारात एक ओळ घातली: ज्याच्या अंगावर पंप लावला, त्याला त्याचा आकडा मी स्वतः, त्याच्या भाषेत सांगणार. दोन कंपन्यांनी त्या ओळीवरून काम दिलं नाही. बाकीच्यांनी ती वाचली असेल की नाही, शंकाच आहे, पण सही केली.